नरसाळ्याचा दुसरा साक्षीदार

धाकटा साठीला टेकला तरी धाकटाच राहिला. घरात दोनच भाऊ. मोठा तो थोरला आणि हा धाकटा. वडिलांनी मारलेली हाक गल्लीने उचलली आणि ती कायमची चिकटली. केस पिकले, चष्मा लागला, लेकीचं लग्न झालं, तरी गिऱ्हाईक दारात उभं राहून विचारणार, "धाकटे आहेत का?" या नावाचं त्याला कधी वाईट वाटलं नाही. त्याचं आणखी एक नाव होतं. ते तोंडावर कोणी घेत नसे, पण पाठ वळली की घेत, आणि पाठीलाही कान असतात. त्या नावापायीच त्याने दुकानावर पाटी लावली नव्हती. आपण एक लिहायचं आणि लोकांनी दुसरंच वाचायचं, त्यापेक्षा कोरी भिंत बरी, असं तो म्हणे.

धंदा पत्र्याचा. डबे, तेलाची मापं, चाळण्या, पाण्याच्या झाऱ्या आणि नरसाळी. मूळ दुकान वडिलांचं. लांबट, अंधारं, दोन्ही भिंतींना कापलेल्या पत्र्याच्या पट्ट्या टांगलेल्या. आत शिरणाऱ्याने अंग चोरलं नाही तर बाही फाटलीच म्हणून समजा. मधोमध लाकडाच्या ओंडक्यात रोवलेला लोखंडी शंकू. पंख्याच्या आकाराचा पत्रा कापायचा, त्या शंकूवर लाकडी मोगरीने ठोकत वळवायचा, कडा एकमेकींत अडकवायच्या, खाली नळी बसवायची, कथील वितळवून सांध्याला डाग द्यायचा, की झालं नरसाळं. निदान इतर दुकानांत तरी एवढ्यावर होत असे.

वडिलांच्या दुकानात होत नसे. ते नळीच्या बाहेरच्या अंगाला चार बोटं लांबीची एक जाड तार उभी ठेवून डागत. पाहणाऱ्याला वाटावं, चुकून चिकटली असेल. मुलांना शिकवताना ते एक बाटली पुढ्यात ठेवायचे आणि तिच्या तोंडात साधी नळी घट्ट बसवून वरून तेल ओतायचे. तेल उचक्या देत उतरायचं, मध्येच अडायचं, मग फस्सकन वर थुंकायचं.

"आतली हवा बाहेर पडू बघते, बाहेरचं तेल आत शिरू बघतं, आणि दार एकच," ते म्हणायचे. "मग दोघांची धक्काबुक्की. तार लावली की नळीच्या कडेला केसाएवढी फट राहते. हवा तिथून निघून जाते, तेल सुतासारखं उतरतं. जे खाली देतं आणि वर घेतं, ते नरसाळं. नुसतं खाली देतं, ती पुंगळी."

नरसाळं हा शब्द कुठून आला हेही त्यांना ठाऊक होतं, किंवा ठाऊक असल्यासारखं ते ठासून सांगत. "नळीला सळई लावली. नळी-सळई, नळी-सळई म्हणता म्हणता लोकांची जीभ वळली आणि झालं नरसाळं." यावर आई आतून विचारायची, "मग चाळणीचं काय वळलं?" ते म्हणायचे, "चाळणीचं मला माहीत नाही. मी सगळ्यांचा ठेका घेतलेला नाही."

दोन्ही मुलं हाताने चांगली निघाली. धाकट्याचा हात सफाईचा आणि जलद; त्याचा डाग बोटाने चाचपला तरी कळू नये. थोरला संथ, पण एकदा केलेलं पुन्हा बघायला लागू नये असा. फक्त चूक मान्य करणं त्याच्या कुंडलीतच नव्हतं. एकदा त्याने एका डब्याचा पत्रा दोन बोटं आखूड कापला. गिऱ्हाइकाने माप दाखवलं, तर हा गंभीरपणे म्हणाला, "थंडीने आखडला असेल." वहिनी म्हणायच्या, "यांना घडवताना तोंडात सगळं बसवलं, 'चुकलं' तेवढं बसवायचं राहिलं."

वडील गेल्यावर दोघांनी दुकान नऊ वर्षं एकत्र चालवलं, आणि मग ती ऐंशी नरसाळी आडवी आली.

रंगाच्या मोठ्या दुकानदाराने दोनशे नरसाळी मागितली होती, आठ दिवसांत. थोरला तापाने अंथरुणाला खिळलेला. धाकटा एकटाच ठोकत बसला. पाचव्या दिवशी संध्याकाळी त्याने ढीग मोजला, उरलेले दिवस मोजले. माल वेळेत होणार नव्हता. तार सरळ करायची, कापायची, घासायची, नळीवर धरून डागायची, यात निम्मा वेळ जात होता. तारेकडे बघतो कोण, असा विचार त्याच्या मनात आला. शेवटची ऐंशी त्याने तारेविना केली आणि पेटाऱ्याच्या तळाशी घातली. तारेची एकशेवीस वर. माल वेळेवर तयार झाला याचा त्याला अभिमानच वाटला, हे त्याने पुढे बायकोजवळ कबूल केलं होतं.

माल पोचवायच्या दिवशी थोरला ताप उतरलेल्या पायांनी बरोबर आला. रंगाच्या दुकानात चारपाच गिऱ्हाइकं उभी होती. हमालाने पेटारा उलटा रिकामा केला आणि तळ वर आला. थोरल्याने सवयीने वरचं एक नरसाळं उचललं, बाटलीला लावलं आणि टर्पेंटाइन ओतलं. दोन उचक्या, आणि तिसरी थेट दुकानदाराच्या शर्टावर.

थोरला ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ओरडला नाही. त्याने ते नरसाळं उजेडात धरलं, नळीवरून अंगठा फिरवला आणि साध्या आवाजात म्हणाला, "हे आमच्या दुकानचं नरसाळं नाही. ही पुंगळी आहे. कोणी केली ते मला माहीत आहे."

त्याने तिथेच बसून ऐंशीच्या ऐंशी वेगळी काढली, परत आणली आणि चार दिवस खपून प्रत्येकाला तार लावली. धाकट्याने हात पुढे केला तर म्हणाला, "राहू दे." त्या चार दिवसांत धाकट्याला त्याच दुकानात, त्याच शंकूसमोर रिकाम्या हातांनी बसावं लागलं. मार खाल्ला असता तर विसरला असता, ते बसणं तो विसरला नाही.

शर्ट भिजल्याची गोष्ट गल्लीत पसरायला एक दुपार पुरली. आठवड्याभरात चहाच्या टपरीवर कोणीतरी म्हणालं, "काय पुंगळीशेठ, आज वेळेवर?" सगळे हसले. धाकटाही हसला, आणि घरी येऊन जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी तो थोरल्यासमोर उभा राहिला. "चार लोकांत बोलायला नको होतंस, दादा. एवढं म्हण की चुकलं. मी विसरून जाईन."

"काय चुकलं?" थोरल्याने मोगरी खाली न ठेवता विचारलं. "पुंगळी होती, पुंगळी म्हटलं."

महिन्याभरात धाकट्याने मागच्या गल्लीत जागा घेतली. बोलणं बंद झालं ते अकरा वर्षं. बायकांचं येणंजाणं चालू होतं, मुलांचं चालू होतं, लग्नात दोघं भाऊ एकाच मांडवात दोन टोकांना उभे राहिले. धाकट्याच्या बायकोने किती वेळा समजावलं.

"ते चुकलं म्हणाले, तर तुम्ही काय करणार?"

"मग मीही म्हणेन."

"मग आधी तुम्हीच म्हणा."

"आधी तो."

"दोघं एकदम म्हणा. मी एक-दोन-तीन करते." तो हसला नाही, म्हणून तिने पुन्हा तो विषय काढला नाही.

यात एक गोष्ट मात्र कोणाला कळली नव्हती. नव्या दुकानात धाकट्याने केलेल्या पहिल्या नरसाळ्यापासून प्रत्येकाला तार होती. एकही सुटलं नाही. हात केव्हाच कबूल झाले होते. जीभ तेवढी अडून बसली होती, आणि ती माणसाच्या अंगातली सगळ्यात आडमुठी गोष्ट असावी.

अशा माणसाच्या दारात एके सकाळी कोशवाल्या बाई येऊन उभ्या राहिल्या.

मध्यम वयाच्या, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत पत्त्यांच्या जोडासारखा चिठ्ठ्यांचा गठ्ठा. कारागिरांच्या बोलण्यातले शब्द गोळा करून त्यांचा कोश करायचं काम त्यांच्या कचेरीत चालू होतं. धाकट्याने स्टूल पुसून दिलं.

"काका, नरसाळं या शब्दाचं काम माझ्याकडे आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही लोक तो कशाकशासाठी वापरता, तेवढं सांगा. सुचेल तसं सांगा."

कोणी आपल्याला काही विचारायला आलंय याचाच धाकट्याला इतका आनंद झाला की तो सुटलाच. नरसाळं म्हणजे हे ओतायचं. गिरणीवर दाणे ओततात त्या वरच्या डब्यालाही काही जण नरसाळंच म्हणतात. लांबच्या माणसाला हाक मारताना तोंडाभोवती हात धरतात, ते हाताचं नरसाळं. कोणी हावऱ्यासारखा प्यायला लागला की म्हणायचं, घशाला नरसाळं लावलंय का. आणि ज्याच्या पोटात काही राहत नाही, कानात घातलं की तोंडातून बाहेर, तोही नरसाळंच. "असा एक आमच्या गल्लीत आहे, पण नाव लिहू नका," तो म्हणाला. बाई हसल्या आणि भराभर लिहीत गेल्या. एका अर्थाला एक चिठ्ठी.

"आणि शब्द आला कुठून? तुमच्याकडे काही सांगतात?"

"आमचे वडील म्हणायचे, नळीवरून आला."

"नळी, आणि पुढे?"

तो थांबला. पुढे सळई होती. सळई म्हटली की तार आली, आणि तारेमागून रंगाचं दुकान. "एवढंच म्हणायचे," तो म्हणाला.

बाईंनी लिहून घेतलं. "नळ, नाळ, नरडं, ही सगळी एका घरातली असावीत असं आम्हालाही वाटतं. पण वाटण्यावर छापता येत नाही." मग त्यांनी एक वेगळी चिठ्ठी काढली. तिच्यावर आधीच बारीक अक्षरात काही लिहिलेलं होतं, आणि त्यांनी ती स्वतःकडे वळवून धरली. "आता एक शेवटचं. कुठल्याच पुस्तकात न सापडणारा अर्थ असला, तर आम्हाला दोन माणसांची साक्ष लागते. दोघांनी तो धंदा आपल्या हातांनी केलेला हवा. पहिल्याने काय सांगितलं ते दुसऱ्याला सांगायचं नाही, असा नियम आहे. म्हणून नुसतंच विचारते. नरसाळ्यासारखं दिसतं, पण तुमच्याकडे त्याला नरसाळं म्हणत नाहीत, असं काही आहे का?"

धाकट्याला प्रश्नात थोरला बसलेला दिसला. मांडी घालून, हातात मोगरी घेऊन.

म्हणजे तो आता पुस्तकात छापणार, हे पहिलं त्याच्या मनात आलं. गल्लीत बोलून झालं, आता काळ्या शाईत. तारेविना असेल ती पुंगळी. मी म्हणतो, आणि धाकटाही म्हणतो, खाली त्याची सही. नातवंडं शाळेत वाचतील. बाई बोट चिठ्ठीवर ठेवून वाट पाहत होत्या.

"नाही," तो म्हणाला. "असं काही नव्हतं आमच्यात."

बाईंची नजर वर गेली. त्याच्या डोक्यावर खिळ्याला सात नरसाळी टांगलेली होती. "आणि या नळीला ही तार कशासाठी?"

"मजबुतीसाठी."

"बरं." त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं आणि पुढे केली. त्याने सही केली. सही नेहमीपेक्षा लहान आली.

बाई गेल्यावर त्याने दिवसभर डोकं वर काढलं नाही. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, तसं काही वाटेना. संध्याकाळी बायकोने विचारलं, कोण आल्या होत्या, तर म्हणाला, "शब्दवाल्या होत्या. गेल्या."

पुढे तीन आठवड्यांनी लेकीला मुलगी झाली. सकाळी बातमी आली. धाकट्याने दुकान बंद करून जायचं ठरवलं, पण हातातलं एक माप पुरं करू म्हणून शटर अर्धं ओढून आत बसला. दुपारची वेळ. ठोकता ठोकता त्याला शटरखाली दोन पाय दिसले. डाव्या चपलेच्या पट्ट्यावर वितळलेल्या कथिलाचे तीन थेंब. ती चप्पल त्याने हजारात ओळखली असती. ते थेंब पडले तेव्हा तो शेजारीच बसला होता.

"आहेस का?" बाहेरून आवाज आला.

आपल्याला नात झाल्याचं थोरल्याला कळलं असणार. आत येऊ दे, धाकट्याला वाटलं, वाकून एक पाऊल आत टाकू दे, पुढचं मी बघतो. आणि अकरा वर्षांच्या सवयीने त्याने ठोकणं चालू ठेवलं, उलट जरा जोरात. पाय थोडा वेळ तिथेच होते. एकदा एक पाय उचलला, पुन्हा ठेवला. मग ते वळले आणि गेले. माप पुरं झालं होतं, तरी धाकटा आणखी बराच वेळ त्यावर ठोकत राहिला. ते माप पुढे कोणाला विकता आलं नाही.

त्यानंतर चार महिन्यांनी थोरला गेला. दुकानातच, बसल्या जागी. शेजारच्या टपरीवाल्याला वाटलं डुलकी लागली. धाकटा धावत गेला, सगळं करायचं ते त्याने पुढे होऊन केलं, लोकांशी बोलला, वहिनींना धरून उभा राहिला. पण भावाकडे बघून म्हणायला त्याच्याजवळ एकही वाक्य नव्हतं. "आधी तो," असं तो अकरा वर्षं म्हणत आला होता, आणि थोरल्याने या बाबतीत त्याचं ऐकलं.

वर्ष दीड वर्ष गेलं. कोशाच्या कचेरीतून एक लिफाफा आला. आत छापलेलं एक पान, मदत केल्याबद्दल आभार म्हणून पाठवलेलं. धाकट्याने चष्मा पुसून वाचलं. नरसाळे: अरुंद तोंडाच्या भांड्यात द्रव ओतण्याचे साधन. मग गिरणी, मग हात, मग घसा, मग पोटात काही न राहणारा माणूस. शेवटी, मूळ अनिश्चित. नळ, नाळ यांच्याशी संबंध असावा. सगळं त्यानेच सांगितलेलं होतं. पुंगळी कुठेच नव्हती.

ती नाही म्हणून त्याला आधी हलकं वाटलं. मग त्याने पुन्हा वाचलं आणि त्याच्या लक्षात आलं की तारही नाही. खाली देतं आणि वर घेतं, हेही नाही. वडील त्या पानावरून साफ पुसले गेले होते.

पान दाखवायला म्हणून तो वहिनींकडे गेला. त्या स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या राहून मोठ्या डब्यातलं तेल बाटलीत भरत होत्या. "बसा भावोजी, एवढं होऊ दे." तो दारातच उभा राहिला. बाटलीत नरसाळं होतं, जुनं, काळपट, नळीच्या अंगाला तार. वहिनी डबा कलता धरून भलतीकडे बघत होत्या, आणि तेल आवाज न करता, एका धारेने उतरत होतं. थेंब उडाला नाही. वहिनींना त्यात नवल नव्हतं. जन्मभर त्यांच्या घरी तेल असंच उतरत आलं होतं.

"त्याने केलेलं?" धाकट्याने विचारलं.

"शेवटच्या महिन्यातलं आहे. म्हणाले, जुन्याची तार सैल झालीय." त्यांनी नरसाळं उचलून नळीचं टोक बोटाने पुसलं. "तुमच्याकडे ती शब्दांची बाई आली होती ना? यांच्याकडे आली तेव्हा सकाळभर बसले होते बोलत. इतके खुशीत होते. मला म्हणाले, धाकट्याचंही नाव येणार बघ, बाबांच्या शब्दाखाली आम्हा दोघांचं."

धाकट्याने हातातल्या पानाची घडी घातली. "माझं नाव त्यानेच दिलं होतं?"

"मग आणखी कोण देणार?" वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने धुतलेला शर्ट घातला, टांगलेल्यांतलं एक नरसाळं कागदात गुंडाळलं आणि कोशाची कचेरी शोधत गेला. तिसरा मजला, लांब खोली, भिंतीभर लहान लहान खणांचं कपाट, प्रत्येक खणावर एक अक्षर. बाई खिडकीपाशी बसल्या होत्या. त्यांनी त्याला लगेच ओळखलं आणि खुर्ची ओढून दिली.

"बाई, मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं," तो खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला. घरून निघताना त्याने हे वाक्य पाठ केलं होतं, नाहीतर ते जिन्यातच राहिलं असतं.

मग त्याने सगळं सांगितलं. टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीला नरसाळं लावून पाणी ओतून दाखवलं. बोटाने तारेकडची फट दाबून पुन्हा ओतलं. पाणी उचक्या द्यायला लागलं, मेजावरच्या कागदांवर उडालं. बाईंनी कागद बाजूला घेतले, पण त्याला थांबवलं नाही. खाली देतं आणि वर घेतं ते नरसाळं, नुसतं खाली देतं ती पुंगळी. नळी आणि सळई. ऐंशी नरसाळी, रंगाचं दुकान, टपरीवरचं नाव. ते नाव त्याने स्वतःच्या तोंडाने पहिल्यांदा उच्चारलं.

"नळी-सळईचं मला काही पटत नाही," बाई हळूच म्हणाल्या. "शब्द इतके सरळ येत नाहीत. पण तुमच्या वडिलांचं म्हणणं म्हणून लिहिते. पुरवणी निघणार आहे. त्यात अर्थ घालता येईल." त्यांनी कोरी चिठ्ठी घेतली, सगळं नीट लिहिलं, वाचून दाखवलं. त्याने सही केली, या वेळी नेहमीएवढी.

"आता दुसरा साक्षीदार," त्या म्हणाल्या.

"माझा थोरला भाऊ. त्याची चिठ्ठी तुमच्याकडे आहेच की," तो म्हणाला. त्याचा आवाज मोकळा झाला होता. इतक्या वर्षांनी दोघांची नावं एका कागदावर येत होती. "त्याच्याखाली माझी जोडा. किंवा माझ्याखाली त्याची."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. मग उठल्या, 'न' चा खण ओढला, त्याच्या मागच्या बाजूची एक चिठ्ठी काढून त्याच्यासमोर ठेवली.

थोरल्याचं सांगणं, बाईंच्या अक्षरात. खाली देतं, वर घेतं, तार, पुंगळी, सगळं जसंच्या तसं. दुसरा साक्षीदार: धाकटा भाऊ. काम माझ्याहून सफाईचं. तो सांगेल ते खरं धरा. आणि या सगळ्यावर एक आडवी रेघ.

"दुसऱ्याने दुजोरा दिला नाही, तर पहिल्याकडे परत जाऊन विचारावं लागतं, तुम्ही ठाम आहात का," बाई म्हणाल्या. "मी विचारलं. ठाम राहिले असते तर चिठ्ठी नुसती पडून राहिली असती. त्यांनी पेन मागितलं आणि स्वतःच रद्द केली. खाली त्यांनी लिहिलंय. रद्द केलेली साक्ष मला धरता येत नाही, काका."

खाली थोरल्याचं गिचमिड अक्षर होतं, पत्र्यावर खिळ्याने माप ओढावं तसं दाबून लिहिलेलं. धाकट्याने चष्मा कपाळावर घेतला, पुन्हा डोळ्यांवर घेतला.

"धाकटा नाही म्हणतो. बाबांचं बोलणं त्याच्याच लक्षात राहायचं. त्याला आठवत नाही म्हणजे बाबा तसं म्हणाले नसणार. मग त्या दिवशी मी त्याला उगाच बोललो. माझं चुकलं. त्याला सांगून येतो."

त्याखाली तारीख होती. ती धाकट्याला कोणी सांगायला नको होती. त्याच दिवशी सकाळी लेकीला मुलगी झाली होती, आणि त्याच दुपारी कथिलाचे तीन थेंब असलेली चप्पल त्याच्या शटरखाली उभी होती.

सगळ्या जन्मात थोरल्याने एकदाच आपली चूक कबूल केली, आणि ती त्याची नव्हती.

खिडकीबाहेर रस्त्यावर कोणीतरी गाडीचा भोंगा वाजवत होतं. बाईंनी मेजावरचं सांडलेलं पाणी रुमालाने टिपलं, नरसाळं पुसून त्याच्याजवळ ठेवलं. मग त्यांनी त्याची नवी चिठ्ठी पुढे ओढली. एक रकाना अजून कोरा होता.

"त्या धंद्यातलं दुसरं कोणी, काका? तुमच्या वडिलांच्या हाताखाली शिकलेलं? नसेल तर कोरा ठेवते. चिठ्ठी आम्ही टाकून देत नाही, खणात राहते."

धाकट्याने थोरल्याच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं.

"कोरा नको," तो म्हणाला. "लिहा, होता."

बाईंनी लिहिलं.